पेठेचा जीव तळमजल्यात

पुण्यात पावसाळ्याचा एक ठरलेला क्रम आहे. मे महिन्याच्या शेवटी महापालिका धोकादायक वाड्यांवर नोटिसा डकवते, जुलैत कुठेतरी एखादी भिंत बसते, आणि दुसऱ्या दिवशी वाद सुरू होतो. ‘वाडा संस्कृती वाचवा’ म्हणणाऱ्यांकडे सागवानी खांबांचे आणि चौकातल्या तुळशीवृंदावनाचे फोटो असतात. ‘पाडा आणि बांधा’ म्हणणाऱ्यांकडे टेकू दिलेल्या जिन्यांचे आणि ताडपत्री टाकलेल्या छपरांचे फोटो असतात. दोन्ही फोटो खरे असतात, पुष्कळदा एकाच वाड्याचे असतात. मग चार दिवस ‘आमच्या वेळची पेठ’ विरुद्ध ‘तुम्ही राहून दाखवा त्या वाड्यात’ अशी जुगलबंदी रंगते, आणि गणपती जवळ आले की सगळे विसरतात.

मला या वादात दोन्ही बाजू अर्धवट वाटतात, कारण दोघंही मान वर करून भांडतात. एकाला माडीची नक्षी दिसते, दुसऱ्याला तिथे उठू शकणारे मजले दिसतात. माझं म्हणणं असं की पेठ टिकते की जाते हे रस्त्याला लागलेल्या तळमजल्यावर ठरतं. तिथे कोण बसतं, काय बनवतं, काय विकतं, ओट्यावर कोण टेकतं, यावर. वाडे याआधीही गेलेत, शेकड्यांनी गेलेत, आणि पेठ उभी राहिली. तळमजला मात्र आपल्या डोळ्यांदेखत पहिल्यांदाच जातोय, आणि त्यासाठी कुणी सह्यांची मोहीम काढल्याचं मला तरी आठवत नाही.

इतिहासाचा दाखला द्यायचाच तर तो नीट द्यावा. कसबे पुणं आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने बेचिराख केलं, त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, आणि पुढे जिजाऊंनी बालशिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर फिरवून ते पुन्हा वसवलं, ही कथा पुण्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. कथेतला नांगर सगळ्यांना आठवतो. माणसं परत कशी आली, हे मात्र कुणी विचारत नाही. उजाड गावात माणूस सोन्याचा फाळ बघायला येत नाही. पोट भरेल असं वाटलं की येतो. पेशवाईत पेठा वसल्या त्याही याच हिशेबाने. शेटे-महाजन नेमायचे, येणाऱ्या व्यापाऱ्याला नि कारागिराला कौल, म्हणजे सवलतींचं आश्वासन, द्यायचा, सुरुवातीची काही वर्षं कर माफ करायचे. मलकापूरची रविवार झाली, विसापूरची शुक्रवार झाली, औरंगजेबाने ठेवलेलं मुहियाबाद नाव जाऊन बुधवार झाली. नावं बदलली, हेतू एकच राहिला: बाजार भरला पाहिजे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ घालून शहरात पाणी खेळवलं आणि जागोजागी हौद बांधले. फडके हौद, बदामी हौद, साततोटी ही आज नुसती चौकांची नावं उरलीत. मात्र तेव्हा वस्ती वाढली ती त्या पाण्यावर. (पाणी सगळ्यांना मिळत होतं असं नाही. म्हणून तर १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांना गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करावा लागला. पेठेचे गोडवे गाताना हे वाक्य सहसा गाळलं जातं.)

आणि ज्या वाडा संस्कृतीसाठी डोळे पाणावतात, ती तरी केव्हाची? सरदाराचा वाडा म्हणजे पागा, पहारेकरी, आश्रित, कारकून आणि एकच धनी. १८१७च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावरचं निशाण बदललं आणि ती व्यवस्था ढासळत गेली. खुद्द शनिवारवाडा १८२८च्या आगीत जळाला. बाकीच्या वाड्यांच्या हळूहळू खोल्या पडल्या. एका चौकाभोवती दहा-बारा बिऱ्हाडं, एक नळ, मागे संडासांची रांग, भाडं महिन्याकाठी काही रुपये. आपण ज्याला वाडा संस्कृती म्हणतो ती या भाडेकरूंची आहे: कारकुनांची, मास्तरांची, वारावर जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची. म्हणजे वाड्याचं मूळ रूप बिघडलं, तेव्हाच ती जन्मली! मूळ रूप जपायचा हट्ट एकोणिसाव्या शतकात कुणी धरला असता, तर जपायला आज ही आठवणच नसती.

पुण्याच्या वाड्यांनी इतिहासात जी नावं कमावली तीही बांधकामाच्या जोरावर नाहीत. फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये सुरू झालं ते शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात. टिळकांनी १९०५ मध्ये नारायण पेठेतला गायकवाड वाडा घेतला, तिथे छापखाना नि बिऱ्हाड दोन्ही आणलं, आणि तो केसरीवाडा झाला. बुधवार पेठेत भिड्यांनी आपल्या वाड्यातली जागा दिली म्हणून १८४८ मध्ये मुलींची शाळा भरू शकली. वास्तुकला म्हणून भिडेवाडा काही फार मोठा नव्हता. कुणीतरी जागा दिली आणि कुणीतरी तिथे धाडस केलं, हे मोठं होतं. पुढे त्या वाड्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. गाळेधारक आणि महापालिका वर्षानुवर्षं कोर्टात, वाडा खचत चाललेला, अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर २०२३ मध्ये तो उतरवला गेला. आता तिथे स्मारक व्हायचं आहे. व्हावं, जरूर व्हावं. पण आज एखाद्या बाईला पेठेत तळमजल्यावर दोन खोल्यांत शाळा काढायची असेल, तर कोण देईल तिला जागा, आणि काय भावाने? स्मारकाच्या चर्चेत हा प्रश्न मी ऐकलेला नाही.

वाडा गेला म्हणून पेठ मरत नाही, याचा सगळ्यात ढळढळीत पुरावा १९६१चा आहे. १२ जुलैला पानशेत धरण फुटलं, मग खडकवासला, आणि नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार पेठांतले वाडे मातीच्या भिंतींसकट विरघळले. कितीतरी कुटुंबं गोखलेनगर, लोकमान्यनगर, दत्तवाडीकडे गेली ती परत आली नाहीत. काठच्या पट्ट्यात मागाहून ज्या सिमेंटच्या इमारती उठल्या त्या दिसायला सुमार आहेत, त्यांच्या बाजूने मला काही बोलायचं नाही. पण त्या बांधणाऱ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती: रस्त्याला लागून गाळे, वर घरं. अगदी बारीक बोळातसुद्धा खाली किराणा, पिठाची गिरणी, शिंपी आणि सायकलवाला आला. दहा वर्षांत रस्ता पुन्हा बोलू लागला.

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मान्य केलंच पाहिजे, आणि ते बरंच आहे. वाड्यात राहणं हाल आहेत. सत्तरीतल्या माणसाने रात्री दोनदा उठून चौक ओलांडून संडासला जायचं, पावसाळ्यात तुळईचा आवाज ऐकत झोपायचं, मुलाचं लग्न ठरत नाही कारण ‘मुलगा वाड्यात राहतो’. यात कसली आली संस्कृती? जे लोक कोथरूडच्या किंवा सिंहगड रस्त्याच्या तीन खोल्यांतून, स्वतंत्र न्हाणीघरात आंघोळ करून, वाड्यांसाठी उसासे टाकतात, त्यांना भाडेकरूंनी खडसावलं तर ते योग्यच आहे. मालकाचीही बाजू आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, ती पायाभूत तारीख १ सप्टेंबर १९४० धरून. १९९९च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. तीस रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे एक रुपया वीस पैसे. त्यात एक कौलसुद्धा येत नाही. मालक दुरुस्ती करत नाही कारण परवडत नाही, भाडेकरू करत नाही कारण वाडा त्याचा नाही, आणि दोघंही वाडा पडायची वाट बघतात. मुंबई बेटाला उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींसाठी १९६९च्या कायद्याने आलेलं दुरुस्ती मंडळ आहे. त्याचा कारभार काही वाखाणण्यासारखा नाही, तरी दार ठोठवायला एक दार तरी आहे. पुण्याच्या वाड्यांना तेही नाही. तेव्हा पुनर्विकासाला विरोध करणं मला शक्य नाही. लोकांना धड संडास आणि न पडणारं छप्पर मिळालंच पाहिजे.

प्रश्न त्यापुढचा आहे. वाडा पाडून जी इमारत उठते, ती रस्त्याला काय देते?

कुठल्याही पेठेतल्या आतल्या आळीत जा आणि नव्या इमारतीसमोर उभे राहा. रस्त्याच्या कडेला भिंत, भिंतीत सरकतं लोखंडी फाटक. आत खांबांच्या मधे कापड घातलेल्या गाड्या, टपालाच्या पत्र्याच्या पेट्या, मीटरचं कपाट, प्लास्टिकच्या खुर्चीवर रखवालदार. फाटकावर पाटी: ‘समोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल.’ पुणेरी बाणा शिल्लक आहे तो एवढाच. पंचवीस-तीस फूट रुंदीच्या जागेत गाड्या आत-बाहेर करायला वाट सोडली, जिना आणि लिफ्ट बसवली, की रस्त्याकडे तोंड करून बसायला कुणालाच जागा उरत नाही. अशी एक इमारत असली तर काही बिघडत नाही. ओळीने सहा झाल्या की आळीची भिंत होते. संध्याकाळी सात वाजता तिथून एकटी मुलगी चालली असेल, तर तिच्याकडे लक्ष असणारा कुणीच नसतो. पूर्वी ओट्यावर बसलेल्या आजोबांच्या चौकशा आपल्याला जाचक वाटायच्या. त्या जाचक होत्याच, पण त्या चौकशांमुळे आळीत अनोळखी माणूस चटकन ओळखू यायचा.

हे असं का होतं? बिल्डर दुष्ट आहेत म्हणून? मला तसं वाटत नाही. हिशेबच तसा लावून दिलाय. खांबांवरची पार्किंगची जागा चटईक्षेत्रात, म्हणजे सगळे ज्याला एफएसआय म्हणतात त्या बांधकामाच्या ठरवून दिलेल्या मर्यादेत, धरली जात नाही. तिथे दुकान किंवा कारखाना काढला तर तो धरला जातो. म्हणजे तळमजल्यावर मोटार ठेवली तर ती फुकट, माणूस कामाला बसवला तर तो मजल्यांच्या हिशेबातून वजा. मग कुठला व्यवहारी माणूस खाली तांबटाला बसवेल? नियम पार्किंग मागतो, ग्राहक त्याहून जास्त मागतो, आणि नियम त्याची किंमतही लावत नाही. पेठेचं स्वरूप कसं असावं हे आपण कधी ठरवलंच नाही, असं म्हणतात. ठरवलंय की! चटईक्षेत्राच्या व्याख्येत ठरवलंय.

तांबटाचं नाव काढलंच आहे तर कसबा पेठेतल्या तांबट आळीबद्दल बोलतो, कारण या सगळ्या वादाची कसोटी तिथे लागते. पेशवाईत कोकणातून कारागीर येऊन इथे वसले, तोफा-नाण्यांची कामंही त्यांनी केली, असं सांगतात. आज काही घरांत काम चालतं. पत्रा कापायचा, भट्टीत लाल करून मऊ करायचा, पाण्यात घालून थंड करायचा, ठोकून आकार द्यायचा, पुन्हा तापवायचा. शेवटी मठारकाम. लोखंडी खुंटावर भांडं फिरवत हातोडीने एकाशेजारी एक ठोके घालायचे. चुकलेला ठोका लपवता येत नाही. बघायला ते नुसती नक्षी वाटतं, खरं तर त्या ठोक्यांनी तांबं घट्ट होतं, पातळ पत्र्याचं भांडं दमदार बनतं. पूर्वी बंब, घंगाळं, तपेली निघायची. गिझर आला, स्टील आलं, तांब्याचे भाव चढले. आता पाण्याचे जग, हॉटेलांत मांडायची भांडी, दिव्यांची झुंबरं निघतात आणि बऱ्यापैकी खपतात.

या आळीचं दोन्ही पक्ष काय करणार आहेत? वारसावाल्यांना तिथे सहल न्यायची असते, तासाभराची, सोबत वाटाड्या आणि शेवटी चहा. पुनर्विकासवाल्यांच्या नकाशात त्या घराला वर एक फ्लॅट मिळतो, आधीपेक्षा मोठा आणि स्वच्छ. पण भट्टी चौथ्या मजल्यावर नेता येत नाही. ठोक्यांचा आवाज वरच्या मजल्यावर चालत नाही. खाली पार्किंग आहे. मग कारागिराला घर मिळालं आणि त्याचा धंदा गेला, हे पुनर्वसन झालं का? कायद्याच्या भाषेत झालं. त्याच्या नावावर काहीशे चौरस फूट आहेत.

यावर नेहमीचा टोला ठरलेला असतो: त्यांच्याच मुलांना हे काम नको आहे, तुम्ही कोण त्यांना हातोडी धरायला लावणारे? मुद्दा बिनतोड वाटतो. कारागिराच्या मुलाने इंजिनिअर व्हावं की तांबट, हे ठरवणारा मी कोणीच नाही. जात म्हणून धंदा चिकटवून ठेवायचा असेल तर तो मोडलेलाच बरा. पण नको असणं आणि न परवडणं यात फरक आहे. जागा जाणार हे दहा वर्षं आधीपासून दिसत असेल, तर कुठला बाप मुलाला शिकवेल आणि कुठला मुलगा शिकेल? आणि माझा मुद्दा तांबटकामापुरता नाहीच. उद्या त्या जागेत कुणी थ्री-डी प्रिंटर लावून सुटे भाग बनवले, तरी मला चालेल. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीकडे बघा. नाव तपकिरीचं, धंदा इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा. कॉलेजच्या पोराला प्रकल्पासाठी सर्किट लागलं की तो तिथेच जातो. तुळशीबाग मुळात नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी बांधलेलं राममंदिर. त्याच्या आवारात कुंकवाच्या करंड्यांपासून कानातल्यांपर्यंत सगळं मिळायला लागलं. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं आली. तळमजल्याचा गुण हाच, की तो धंदा बदलू देतो. सदाशिव आणि नारायण पेठेत आज स्पर्धा परीक्षांची पोरं-पोरी कॉट बेसिसवर राहतात. लातूर, बीड, नांदेडहून येतात. त्यांच्यासाठी वाड्यांच्या पुढच्या खोल्यांत अभ्यासिका, मेस आणि झेरॉक्सची दुकानं निघाली. वारावर जेवणाऱ्यांची ही आजची पिढी. पेठ तिच्या जुन्याच कामाला लागली आहे, आणि वाडा संस्कृतीवाले याला ‘पेठेचं बकालपण’ म्हणतात, हा एक विनोदच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नव्या इमारतींत गाळे असतातच की, लक्ष्मी रोडवर जाऊन बघा, दुकानाचा दर तर घरापेक्षा जास्त असतो, मग बिल्डर दुकानं का नाही काढणार? खरं आहे. हमरस्त्यावर गाळे निघतात, आणि दिमाखात निघतात. पण तिथे भाव असा असतो की सोन्याची पेढी, तयार कपड्यांची साखळी किंवा बँक याशिवाय कुणी टिकत नाही. आतल्या आळीत दुकानाला तेवढा भाव नाही, म्हणून तिथे पार्किंग येतं. शिंपी, पुस्तकबांधणीवाला, पोळीभाजीची बाई, रफूगार, हार्मोनियम दुरुस्त करणारा यांना हमरस्ता परवडत नाही आणि आळीत जागा उरत नाही. पेठेत धंदा राहील, हे कबूल. लहान धंदा राहील का, हे विचारा.

शनिवारवाड्याभोवतीच्या रहिवाशांचं दुखणं आणखी वेगळं. २०१०च्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने. जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पाडून पुन्हा बांधता येत नाही. कायद्यामागची भीती रास्त आहे. हा नियम नसता तर दिल्ली दरवाजासमोर बारा मजली काचेची इमारत उभी राहिली असती आणि तिचं नाव ‘पेशवा हाइट्स’ ठेवलं असतं, याबद्दल मला शंका नाही. पण ओसाड माळावरच्या लेण्याला जो नियम, तोच दाट वस्तीतल्या भुईकोटाला लावायचा, यात शहाणपण काय? शंभर मीटरच्या त्या वर्तुळातले जुने वाडे दुरुस्तीपलीकडे गेलेत. लोक डोळ्यांसमोर खचणाऱ्या घरात राहतात, ते घर पडलं की त्या जागेवर हक्क असूनही घर नाही. उंचीवर कडक मर्यादा घाला, दर्शनी भागावर घाला, खोदाईवर घाला. वस्तीच गोठवून टाकली तर ती मरते, आणि स्मारकाच्या भोवती उरतात मोकळे प्लॉट नि पे-अँड-पार्क. शनिवारवाडा त्याच्या काळात कधीच एकटा उभा नव्हता. एकोणिसाव्या शतकात तर त्याच्या पुढच्या पटांगणात भाजीबाजार भरायचा.

त्या बाजाराचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. नगरपालिकेने नवी मंडई बांधायचं काढलं, तेव्हा सभासद असलेल्या जोतीरावांनी या खर्चाला विरोध केला. तो पैसा शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. तरीही १८८६ मध्ये ती अष्टकोनी इमारत उभी राहिली, गव्हर्नर रे यांचं नाव लागलं, आणि बाजार तिथे हलला. पुढे नगरपालिकेत असताना आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेऊन तिला फुल्यांचंच नाव दिलं. आज तिच्या घडीव दगडाचं कौतुक होतं आणि ते योग्य आहे. पण ती इमारत सव्वाशे वर्षांहून जास्त टिकली याचं कारण दगड नाही. रोज पहाटे तिथे माल उतरतो, ओट्यांवर बायका बसतात, पिढ्यान्‌पिढ्यांचे गाळे आहेत. उद्या तिथून भाजी हलवून ‘हेरिटेज प्लाझा’ केला, तर दगड तोच राहील. मंडई राहील का?

आता थोडं टोचणारं. ‘पेठ’ म्हणून जिच्यासाठी गळा काढला जातो, ती बहुधा सदाशिव, नारायण आणि शनिवार एवढीच असते. पूर्वेच्या पेठा कुणाच्या आठवणीत येत नाहीत. रास्ता पेठेत सरदार रास्त्यांच्या वाड्याच्या टापूतच मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग आहे. नाना पेठेतलं सिटी चर्च उभं आहे ते पेशव्यांच्या फौजेतल्या गोव्याच्या ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवरावांच्या काळात मिळालेल्या जागेवर. याच पेठेत विठ्ठल रामजी शिंद्यांचा अहिल्याश्रम. भवानी पेठेत लाकूड, लोखंड यांचा पसारा, आणि त्यावर जगणारे हमाल. गंज पेठेत समताभूमी, म्हणजे फुल्यांचं घर. आणि बुधवार पेठेत देहविक्रय करणाऱ्या त्या बायका, ज्यांच्या गल्लीचं नाव संस्कृतीच्या यादीत कुणी घालत नाही. त्याही पेठेच्या भाडेकरूच आहेत, अनेकींची उमर तिथे गेली. त्या इमारतींचा पुनर्विकास होईल, तेव्हा त्यांच्या नावाने पात्रता यादीत किती ओळी असतील? वाडे वाचवणाऱ्यांनी आणि पाडणाऱ्यांनी दोघांनीही याचं उत्तर टाळलेलं आहे, आणि त्यातली एकी बघण्यासारखी आहे.

‘मग क्लस्टर करा’, हा सध्याचा परवलीचा शब्द. मुंबईत भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवरच्या अडीचशेच्या आसपास इमारती एकत्र करून प्रकल्प हाती घेतला गेला. दुकानदारांनाही परत जागा द्यायची तिथे तरतूद आहे, हे त्याचं श्रेय. पण त्यामागे एका समाजाचा एक ट्रस्ट होता. कसब्यातल्या पंधरा वाड्यांचे मालक, त्यांच्या सहाव्या पिढीचे वारस, त्यातले निम्मे परदेशात, आणि पोटभाडेकरू, यांना एका सहीवर आणणारा अजून जन्माला यायचाय. आणि आलाच, तरी बोळ संपवून जो मोठा भूखंड तयार होईल त्यावर पेठ नाही, निवासी संकुल उभं राहील. उलट टोकाला अहमदाबाद आहे. तिथल्या पोळांना, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्ली-वस्त्यांना, २०१७ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, नक्षीदार घरं कौतुकाने जपली जातायत. पण माणसं पश्चिमेकडे निघून गेली आणि कितीतरी घरांत गोदामं झाली, हेही तिथे फिरणाऱ्याला दिसतं.

मला हवं ते याहून पुष्कळ साधं आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. नियमावलीत दुरुस्ती पुरेशी आहे. पेठांतल्या आतल्या आळ्यांत रस्त्याला लागलेल्या पहिल्या दहा-बारा फुटांत पार्किंगला मनाई करावी. तिथे लहान गाळे काढले तर ते पार्किंगसारखेच चटईक्षेत्रातून वगळावेत, मात्र दोन अटींवर: ते एकत्र करून मोठं दालन करता येणार नाही, आणि त्या जागेवर आधी धंदा करणाऱ्याला, मग तो मालक असो, भाडेकरू असो की पोटभाडेकरू, पहिला हक्क. भट्टी, ठोकाठोकी, गिरणी यांना दिवसाचे तास ठरवून द्यावेत म्हणजे वरच्या फ्लॅटवाल्याची तक्रार आली की कारखाना बंद, असं होणार नाही. आणि पार्किंगची सक्ती पेठांपुरती काढून टाकावी.

शेवटच्या मागणीवर सगळ्यात जास्त आरडाओरडा होईल. गाड्या कुठे लावायच्या? रस्ते आधीच अरुंद, रुग्णवाहिका शिरत नाही, अग्निशमनाचा बंब चौकातच अडकतो. हे सगळं खरं. पण ज्या आळीत बंब शिरत नाही, तिथल्या दर भूखंडावर आणखी वीस गाड्यांची सोय केली की बंब शिरायला लागेल, हा कुठला तर्क? सप्टेंबर २०२४ पासून शिवाजीनगर ते स्वारगेट भुयारी मेट्रो धावते आहे. कसबा आणि मंडई अशी दोन स्थानकं पेठांच्या पोटात आहेत. ती बांधताना फडके हौदाजवळच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. एवढी किंमत देऊन स्थानक आणायचं, आणि त्याच्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावरच्या इमारतीला ‘तळमजला गाड्यांसाठी ठेव’ म्हणायचं, हे दोन्ही एकाच शहराने कसं करायचं?

बिल्डर म्हणतील, पार्किंग नसेल तर फ्लॅटला भाव येणार नाही. शक्य आहे. ज्याला दोन गाड्या लावायच्या आहेत तो बाणेरला जाईल; ज्याला मंडईतून चालत भाजी आणायची आहे, तो थोड्या कमी दरात पेठेत घर घेईल. यात नेमकं कुणाचं वाईट होतं, ते त्यांनी एकदा मांडावं.